प्रसाद चालत नाही, सही चालते

बडोद्यातल्या एका कारखान्यात घडलेली ही गोष्ट त्या माणसाच्या संमतीनं लिहितोय. नाव बदललं आहे, मालाचे तपशीलही जरा इकडचे तिकडे केलेत. आमची काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून दोनदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात. रविवारची उपासना गुजरातीत होते, ही घरची बैठक मात्र मराठीत. नोकरी करणाऱ्यांनी आपली अडचण तिथं मांडायची आणि सगळ्यांनी मिळून डोकं लावायचं, अशी पद्धत. हे प्रकरण तीन बैठका चाललं. बैठकीत वयानं मी मोठा, त्यामुळे माझाही सल्ला त्यात आहे. तो कुठं चुकला, तेही लिहिलंय.

पार्श्वभूमी

त्याला अशोक म्हणू. वय ३१, मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. कारखान्यात माणसं ४५, शेठ जैन, प्रॉडक्शन सांभाळणारा शेठचा लांबचा भाचा. अशोकचे आजोबा नगर जिल्ह्यातून प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात लागले आणि इथलेच झाले. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. त्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांसारखं हेही तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. नावं मात्र मराठीच राहिली. त्यातून आडनाव असं, की बडोद्यात ऐकणारा आधी लक्ष्मीविलास पॅलेसच्या दिशेला बघतो आणि मग याच्या चपलांकडे.

त्यामुळे कारखान्यात नऊ वर्षं कुणाला पत्ताच नव्हता. नाव अशोक, बोलणं मराठी, डब्यात पोळी-भाजी. दसऱ्याला मशिनांची पूजा व्हायची तेव्हा टेस्ट बेंच याच्या ताब्यात म्हणून तिथला नारळ हाच फोडायचा. गणपतीची वर्गणी द्यायचा, टिळा लावून घ्यायचा. ‘मी लपवलं नाही, कुणी विचारलं नाही,’ असं त्याचं म्हणणं. बडोद्यातली आमची निम्मी माणसं हेच म्हणतात, आणि ते खोटंही नाही.

मग वडील वारले. कळल्यावर कारखान्यातले दोघं तडक निघाले आणि खासवाडी स्मशानात जाऊन उभे राहिले. अर्धा तास वाट बघून त्यांनी फोन केला: ‘अरे, कुठं आहात तुम्ही? इथं तर कुणीच नाही.’ अशोकनं सांगितलं, कबरस्तानात. पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही.

वडील रोज संध्याकाळी गॅलरीत बसून मोठ्यानं बायबल वाचायचे, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं. आणि मुलाबरोबर नऊ वर्षं जेवणारी माणसं त्यांच्या मयताला भलत्याच ठिकाणी उभी. हे अशोकला फार लागलं. आमच्या बैठकीत तो पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला तो याच गोष्टीवर.

दिसायचं ठरलं

महिनाभरात त्यानं सगळं बदललं. गळ्यात लाकडी क्रूस, शर्टाच्या आत नाही, बाहेर. डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक वचन. रविवारचा ओव्हरटाइम बंद. टिळा नाही, प्रसाद नाही.

आमच्यात यावरून दोन तट पडले. काही म्हणाले, बरं झालं, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं सांगितलंच आहे, तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या. एका शिक्षिका ताईंनी लगेच सहावा अध्याय उघडला. माणसांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका, प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून करा. दोन्ही वाक्यं एकाच डोंगरावरच्या एकाच प्रवचनातली. दिसावं की दिसू नये, याचं सरळ उत्तर तिथं मिळत नाही; कशासाठी दिसायचं, एवढंच विचारलेलं सापडतं.

मला त्या दिवशी पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी मांसाहार केला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत, हे तिथल्या सिस्टरांचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं. अक्षरं असतीलच तर संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल. म्हणजे क्रूस दिसायला त्यांची हरकत नव्हती. तो बघणाऱ्याला परका वाटू नये, एवढंच. हे मी बैठकीत बोललो. अशोकनं मान डोलावली, पण त्या दिवसांत तो सगळ्यांपुढेच मान डोलावत होता.

बैठकीतल्या एका काकांना वेगळीच चिंता. गुजरातचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा २००३ चा, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. काकांनी अशोकला स्टेटस बंद करायला सांगितलं. कायदा आहे तो बळजबरी, आमिष किंवा फसवणूक करून केलेल्या धर्मांतराविरुद्ध. डब्यापुढे डोळे मिटण्याशी त्याचा काही संबंध नाही. काका म्हणाले, ‘तू कलम वाचलंस रे, पण तुझ्या शेजारच्या मशिनवरच्यानं वाचलंय का?’ यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. स्टेटस बंद झालं नाही.

दसरा आणि शिरा

पहिली ठेच दसऱ्याला लागली. गुजरातेत दसरा म्हणजे सकाळी फाफडा-जलेबी आणि कारखान्यात मशिनांची पूजा. नारळ फोडायला अशोकच लागणार, हे सगळ्यांना माहीत. ‘मी फोडणार नाही’ हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. सांगायचा धीर झाला नाही. सकाळी फोन करून म्हणाला, ताप आहे. त्याच सकाळी स्टेटसला वचन होतं: ‘सत्य तुम्हाला बंधमुक्त करील.’

दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेला फाफडा-जलेबीचा पुडा होता, गार पडलेला. कुणी टोमणा मारला नाही. नारळ हेल्परनं फोडला होता. ‘ताप उतरला का?’ असं प्रत्येकानं विचारलं. अशोक सांगतो, त्या प्रश्नानं जेवढं लाजवलं तेवढं कशानंच नाही, कारण विचारणारे खरंच विचारत होते.

पंधरा दिवसांनी शिऱ्याचा प्रसंग. ऑफिसात चहापाणी बघणाऱ्या एक मावशी आहेत, दांडिया बाजारात राहणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यातल्या मराठा घरातल्या. कारखान्यात मराठी बोलणारी ही दोघंच. घरी सत्यनारायण झाला की सव्वाच्या मापाचा शिरा, केळं घातलेला, त्या दुसऱ्या दिवशी अशोकसाठी वेगळा आणायच्या. त्या दिवशीही डब्याचं झाकण त्याच्यापुढे धरून म्हणाल्या, ‘घे रे, प्रसाद आहे.’

अशोक म्हणाला, ‘नको मावशी, मला चालत नाही.’

मावशींनी झाकण तसंच धरून ठेवलं. मग म्हणाल्या, ‘चालत नाही? का रे बाळा, माझ्या हातचं?’

हे लिहिताना माझा हात थांबतो. अशोकच्या पणजोबांच्या हातचं पाणी नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात ‘चालत’ नव्हतं. त्या एका क्रियापदाखाली आमची किती पिढ्यांची माणसं उन्हात तिष्ठत उभी राहिली. आणि आता त्यांचाच पणतू चहा करणाऱ्या बाईला तेच क्रियापद ऐकवत होता. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, मावशींच्याही मनात जात नव्हती. पण मराठीत ‘चालत नाही’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात आधी हात येतो, मग देव.

शास्त्राच्या अंगानं अशोकचं चुकलं होतं असं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल सांगतो: बाजारात विकतात ते काही न विचारता खा, पण कुणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. मावशींनी सांगितलं होतं, तेव्हा नकार धरून होता. आमच्यातले काही जण प्रसाद आभार मानून खातात, काही खात नाहीत, आणि आम्ही यावर भांडत नाही. पण सांगणाऱ्याचा विचार करा, हे पौलानं त्याच वाक्यात घातलंय. अशोकनं ‘नको’ घेतलं आणि सांगणारी मावशी सोडून दिली.

मावशी झाकण घेऊन गेल्या. त्या दिवसापासून चहा यायचा, पण टेबलाच्या कडेला ठेवून.

खरी अडचण

इथवर प्रकरण नेहमीचं आहे. नव्या उत्साहात असं होतं आणि वर्षभरात कडा घासून जातात. पुढचा प्रसंग झाला नसता तर हे लिहायला घेतलं नसतं.

त्यासाठी कामाचं थोडं सांगावं लागेल. व्हॉल्व्ह बनला की बेंचवर शिकंजात धरतात, दोन्ही तोंडं बंद करून आत पाणी भरतात, हवा काढून टाकतात आणि दाब चढवतात. बॉडीची परीक्षा नेमून दिलेल्या दाबाच्या दीडपट दाबानं, सीटची, म्हणजे आतली झडप जिथं टेकते त्या जागेची, १.१ पटीनं. १५० क्लासच्या कार्बन स्टीलच्या व्हॉल्व्हला हा दीडपट दाब साधारण ३० बार येतो. आणि तो धरून ठेवायचा असतो: ८ ते १२ इंची व्हॉल्व्हला पूर्ण २ मिनिटं. ओतकामात वाळूचं बारीक छिद्र राहिलं असेल तर पाणी चिळकांडी मारून येत नाही. बॉडीला घाम फुटतो. कोरड्या फडक्यानं पुसायचं, बोट फिरवायचं, परत पुसायचं. वीस सेकंदांत हा घाम कधी दिसतो, कधी नाही. म्हणून तर दोन मिनिटं.

कारखान्यात बेंच एक, पंप एक. बॉडी, दोन्ही बाजूंच्या सीट, लावणं-सोडवणं धरून ८ इंची गेट व्हॉल्व्हला अर्धा तास जातो. महिन्याच्या ३० तारखेला २२ नग जायचे होते, म्हणजे ११ तासांचं काम. माल बेंचवर आला दुपारी एकला, गाडी सहाला. सहापर्यंत दहा नग झाले, तेही कसेबसे. भाच्यानं उरलेल्या १२ नगांवर रंग मारायला सांगितलं आणि २२ नगांचं टेस्ट सर्टिफिकेट अशोकपुढे सरकवलं.

अशोकनं सही केली. त्यात नवीन काही नव्हतं, महिन्याअखेर नेहमी असंच चालायचं. नऊ वर्षांत त्यानं अशा किती सह्या केल्या, याचा हिशेब त्याच्याकडे नाही.

बेंचवर दाहोदकडचा एक मुलगा हेल्पर आहे, विशीतला. दसऱ्याला नारळ फोडला तो यानंच. तो शेजारी फडकं पिळत उभा होता. त्यानं अगदी साधेपणानं, माहिती करून घ्यावी तसं विचारलं, ‘साहेब, तमारामां आवुं चाले?’ तुमच्यात असं चालतं का?

मुलाला कुणाला टोचायचं नव्हतं. त्यानं बघितलं होतं की या साहेबांना टिळा चालत नाही, प्रसाद चालत नाही, रविवार चालत नाही. तो यादी पुरी करत होता.

समोरचे पर्याय

अशोकनं हे बैठकीत मांडलं तेव्हा पहिला पर्याय त्यानं स्वतःच सांगितला: क्रूस शर्टाच्या आत घालायचा. ‘माझ्यामुळे नावाला बट्टा नको.’ ऐकायला नम्र वाटतं. शिक्षिका ताई म्हणाल्या, ‘म्हणजे सही राहणार आणि क्रूस जाणार?’ तो पर्याय तिथंच संपला.

दुसरा, नोकरी सोडायची. तरुण मंडळींना हा फार आवडला, कारण सोडायची त्यांची नव्हती. घराचा हप्ता चालू, मूल चार वर्षांचं. आणि सोडली असती तर भाच्यानं दुसऱ्या दिवशी दुसरा सही करणारा बसवला असता.

तिसरा, ज्यांना माल गेला त्या कंपनीला कळवायचं. यावर आम्ही बराच वेळ घातला. ते व्हॉल्व्ह थंड पाण्याच्या लाइनवर जाणार होते. गॅस किंवा वाफेवर असते तर दुसरा विचारच करायचा नव्हता, हे सर्वांना मान्य. पण पाणी आहे म्हणून गप्प बसायचं? शेठला आधी न विचारता बाहेर जाणं बरोबर नाही, असं बहुमत पडलं.

चौथा पर्याय माझा. मी म्हणालो, सह्या चालू ठेव, पण हळूहळू आतून सुधार. शेठला दुसरा पंप घ्यायला लाव, भाच्याला माल लवकर द्यायला सांग. आपण मूठभर माणसं, उगाच डोळ्यांवर येऊ नये. वर दुसऱ्या राजे पुस्तकातला नामानाचा दाखलाही दिला: अरामी सेनापती, राजाचा हात धरून रिम्मोनाच्या देवळात वाकावं लागतं म्हणून आधीच क्षमा मागतो, आणि संदेष्टा अलीशा त्याला एवढंच म्हणतो, शांतीनं जा.

ताईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘भाऊ, नामान वाकला तो राजाला आधार द्यायला. त्यानं कुणाला खोटा माल दिला नाही. तुम्ही प्रसादाचं उत्तर सहीला लावताय.’

त्यांचं बरोबर होतं, आणि माझा दाखला कुठून आला तेही मला ठाऊक होतं. मी ३२ वर्षं एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काढली. मार्च आला की मागच्या तारखेची व्हाउचरं किती बनवली, ते मी बैठकीत कधी सांगितलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. अशोकला याचा उपयोग झाला की नाही, माहीत नाही. त्यानंतर मला मात्र सल्ला देताना जरा जपून बोलावं लागतं.

अशोकची बायको नर्स आहे, ड्यूटी संपवून ती उशिरा आली. सगळं ऐकल्यावर एवढंच बोलली, ‘हप्ता मी बघते. तू सहीचं बघ.’ त्यानंतर पर्यायांवर कुणी फारसं बोललं नाही.

काय केलं

तो आधी शेठकडे गेला नाही, मावशींकडे गेला. हा क्रम आम्ही सुचवलेला नव्हता. चहाच्या ओट्यापाशी उभा राहून त्यानं सांगितलं, ‘मावशी, शिरा तुमच्या हातचा म्हणून नको नव्हता. देवापुढे ठेवलेलं मी घेत नाही, एवढंच. तसं नीट सांगायला हवं होतं.’ मावशी म्हणाल्या, ‘मग पुढच्या वेळी पूजेआधी तुझा वाटा बाजूला काढीन. एवढंच ना?’ पंधरा दिवसांचा अबोला दोन वाक्यांत सुटला. नकाराची वाट अशी असू शकते, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं, आणि सुचलं ते मावशींना.

दसऱ्याच्या तापाचंही त्यानं हेल्परला खरं सांगितलं. मुलगा हसला. म्हणाला, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शेठकडे जाताना त्यानं वचनं नेली नाहीत. शेठ सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, कांदा-बटाटा खात नाहीत, पर्युषणात उपवास करतात. गाडी भरताना उशीर झाला तरी सूर्य मावळायच्या आत डबा उघडून जेवून घेतात, आणि कारखान्यात आजवर कुणी त्याची चेष्टा केलेली नाही. अशोक म्हणाला, ‘शेठ, जो नग मी टेस्ट केला नाही त्यावर माझी सही होणार नाही. आजवर केली, ती चूक होती.’

शेठ आधी चिडले. ‘धंधामां बधुं चाले,’ असं त्यांचं पहिलं वाक्य. मग त्यांनी अशोकच्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघितलं आणि विचारलं, ‘नियम छे तारो?’

‘हा, शेठ.’

‘तो पहेलां कहेवुं’तुं ने.’ मग आधी सांगायचं होतंस ना.

नियम हा शब्द शेठच्या घरातला. साधूंसमोर घेतात, मोडला तर प्रायश्चित्त असतं. आमच्याकडे अशा अर्थानं नियम नसतो, ख्रिस्ती शिकवणीत तो शब्द अगदी नेमका बसतही नाही. अशोकनं दुरुस्ती केली नाही. माझ्या मते बरं केलं. शेठला जे कळायला हवं होतं ते त्यांच्या भाषेत कळलं होतं.

ठरलं ते असं: टेस्ट झालेल्या नगावर हिरव्या रंगाचा ठिपका, आणि सर्टिफिकेटवर फक्त ठिपकेवाल्या नगांचे नंबर. २२ तले १० झाले तर १० च जाणार.

पुढे काय झालं

ही व्यवस्था तीन आठवडे टिकली. मग महिनाअखेर आली. १८ नग, ठिपके ९. शेठ बाहेरगावी होते. भाच्यानं फोनवर त्यांच्याशी बोलून सांगितलं, ‘तुझा नियम तू पाळ. तू सही करू नकोस, बाकीची मी करतो.’

आमच्या मते प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण हा, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो दिसणारही नाही. अशोकचा हात आता स्वच्छ होता. नियम पाळला जात होता, कुणी त्याच्यावर जबरदस्ती करत नव्हतं, उलट मान देत होतं. आणि न तपासलेले नऊ व्हॉल्व्ह तरीही गाडीत चढत होते.

त्यानं भाच्याला सांगितलं, हे ३.१ प्रकारचं सर्टिफिकेट आहे. त्यावर सही करणारा माणूस प्रॉडक्शनपासून वेगळाच असावा लागतो, तसं मानकात लिहिलंय. तुमची सही इथं धरतच नाही. भाचा म्हणाला, ‘आता हासुद्धा तुझ्या बायबलात आहे का?’ माल गेला. शेठ परत आल्यावर अशोकनं त्यांना हेच लेखी दिलं, एका पानात, देव-धर्माचा एक शब्द न घालता.

पुढच्या सोमवारी त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पगार तोच, त्या वर्षीची वाढ नाही. शेठ नंतर भेटले तेव्हा म्हणाले, ‘तारो नियम बराबर, पण बधाने पळावे ए न चाले.’ नियम पाळ, पण सगळ्यांना पाळायला लावू नकोस. शेठ स्वतः कांदा खात नाहीत, पण कामगारांच्या डब्यात तो चालवून घेतात. त्यांच्या बाजूनं हे सरळच होतं. व्हॉल्व्ह म्हणजे कांदा नाही, हे त्यांना पटवून देणारा माणूस त्यांनी बेंचवरून उठवला होता.

सात महिन्यांनी माल घेणाऱ्या कंपनीनं आपला माणूस टेस्ट बघायला पाठवायला सुरुवात केली. अशोकनं किंवा आमच्यापैकी कुणी त्यांना कळवलं नव्हतं. त्यांच्याकडे एक-दोन नग गळल्याचं मागाहून कानावर आलं. त्यानंतर शेठनी दुसरा पंप घेतला. अशोकला परत बोलावलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दसऱ्याबद्दल अशोक स्वतःच सांगतो: आठवडाभर आधी जाऊन ‘नारळ मी फोडणार नाही, पण मशिनं धुवायला येतो’ म्हणायचं. पुढच्या दसऱ्याला त्यानं तेच केलं. आदल्या संध्याकाळी हेल्परबरोबर बेंच घासला, रंगाचे डाग केरोसिननं काढले. झेंडूची तोरणं बांधायला मदत करावी का, यावर आमच्या बैठकीत एकमत झालं नाही. त्यानं बांधली नाहीत, फुलं मात्र बाजारातून आणून दिली. यात तर्क शोधायला गेलं तर सापडणार नाही.

क्रम चुकला, असं मला वाटतं. खुणा आधी आल्या आणि काम मागे राहिलं. क्रूस बाहेर काढायच्या आधी आपल्या टेबलावरचे कागद एकदा बघायला हवे होते. ताईंना हे मान्य नाही. त्या म्हणतात, क्रूस बाहेर नसता तर त्या मुलानं विचारलंच नसतं, आणि अशोक आजही महिन्याअखेर सह्या करत बसला असता. मी यावर अजून विचार करतोय.

माल घेणाऱ्या कंपनीला कळवण्याचा पर्याय आम्ही फार लवकर मिटवला. शेठला आधी विचारायचं हे ठीक, पण शेठनं उत्तर दिल्यावर तो प्रश्न परत काढायला हवा होता. भाच्यानं सही केली त्या महिन्यात आम्ही तो काढला नाही, कारण अशोकची नोकरी टिकली याचंच आम्हाला हायसं वाटलं होतं. एक-दोन नग गळल्याचं ऐकलं त्या रात्री अशोकचा फोन आला होता. तो नऊ नगांचे नंबर वाचून दाखवत होता. ते त्यानं वहीत उतरवून ठेवले होते.

आणि मी. ३२ वर्षांचं माझं गाठोडं मी आधी सोडलं असतं तर पहिल्या बैठकीत नामान आलाच नसता.

स्टोअरच्या जाळीतून टेस्ट बेंच दिसतो. अशोक सांगतो, त्या मुलाला आता नवा पंप मिळालाय. दाब चढला की तो खिशातून मोबाइल काढतो, टायमरला दोन मिनिटं लावतो आणि बेंचच्या कडेला उभा करून ठेवतो. भाचा घाई करायला आला तर तोंडानं काही बोलत नाही, फडक्यानं बॉडी पुसतो आणि बोटानं मोबाइलकडे दाखवतो.